पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात घेताय? खान्देशातल्यांनी या चुका टाळाव्यात

मुंबई-पुण्यात गिटारचं काही बिनसलं की पोरं ती पाठीला लावतात आणि संध्याकाळपर्यंत सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची जुळवणी, करून आणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे तारा बसवून देणारे भेटतात, पण नेक (गिटारचा लांब दांडा) सरळ करणारा किंवा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून देणारा कारागीर शोधत फिरावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे स्वस्त गिटार निवडताना आवाजाच्याही आधी एक प्रश्न विचारायचा: ही घरच्या घरी, एलन की (षटकोनी चावी) आणि स्क्रू ड्रायव्हरने ठीक करता येईल का? खालच्या बऱ्याच चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

सगळे पैसे गिटारवर

पंधरा हजार जमले की पंधरा हजारांची गिटार उचलायची आणि घरी आल्यावर कळायचं, की ॲम्पशिवाय (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्याशिवाय) तिचा आवाज बाजूच्या खोलीतही जात नाही. पंधरातले दहा-अकरा गिटारला ठेवा. उरलेल्यात छोटा ॲम्प, बरी केबल आणि तारांचा एक जादा सेट बसवा. घरात सरावाला दहा वॉटचा ॲम्प पुष्कळ होतो, तेवढ्यातही शेजारी दार वाजवतात. गावाकडे लाइटचा भरवसा नसेल तर चार्जिंगवर चालणारा हेडफोन ॲम्प घ्या. स्वस्तही पडतो आणि घरचेही वैतागत नाहीत.

‘ओळखीत लग्नाचा बँड आहे, त्यांच्या मिक्सरला लावू’ असं काही जण ठरवून बसतात. लावता येतं, पण आवाज दबका आणि मेलेला येतो. साध्या गिटारच्या पिकअपला (तारांखालचा, त्यांची थरथर पकडणारा चुंबकी भाग) हाय-इम्पिडन्स, म्हणजे गिटारच्या कमजोर सिग्नलवर भार न टाकणारा, इनपुट लागतो आणि मिक्सरचा नेहमीचा लाइन इनपुट तसा नसतो. मिक्सरवर ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण असेल किंवा मध्ये मल्टी-इफेक्ट (आवाजाचे वेगवेगळे इफेक्ट देणारा डबा) असेल तर काम होतं. होम थिएटरचीही हीच रड.

आणखी एक सापळा. दुकानात ‘इलेक्ट्रिक दाखवा’ म्हटलं की कधी कधी पोकळ पेटीची, बाजूला बटणं आणि आत सेल असलेली गिटार पुढे येते. ती पिकअप लावलेली अकूस्टिक. वाईट नसते, पण तुम्हाला हवी ती नव्हे. ‘आधी दोन वर्षं अकूस्टिक वाजव, मग इलेक्ट्रिक’ हा सल्लाही मनावर घेऊ नका. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ असतात, नवख्याची बोटं उलट कमी सोलवटतात. नऊ नंबरचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) मागा.

नाव बघून घेणं, नेक न बघता घेणं

यामाहाची पॅसिफिका ०१२, फेंडरच्याच स्वस्त शाखेतली स्क्वायर, आयबानेझची जिओ मालिका, कोर्टच्या सुरुवातीच्या गिटार ही नावं नवख्यांसाठी ठीक आहेत. मला स्वतःला पॅसिफिकासारखी मांडणी आवडते. ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) हमबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप आणि पुढे दोन सिंगल कॉइल म्हणजे एका गुंडाळीचे पिकअप असल्याने एकाच गिटारवर बरंच काही वाजवून बघता येतं. पण स्वस्तातल्या एकाच मॉडेलच्या दोन गिटार सारख्या निघतीलच असं नाही, म्हणून समोरचा नग तपासायचा.

दुकानदार दोन कॉर्ड वाजवेल आणि ‘भाऊ, सगळे हीच नेतात’ म्हणेल. तुम्ही गिटार मांडीवर घ्या. सगळ्यात जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी डोळा नेऊन तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फटच नसेल किंवा तीन-चार कार्डं आरामात जात असतील, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून ती सुधारते का, हे तिथेच करून दाखवायला सांगा. रॉड अडकलेला असेल किंवा त्याचं डोकं झिजलेलं असेल तर फुकट मिळाली तरी ती गिटार नको.

मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा. दोन मिलिमीटरच्या आसपास बरी, तीनच्या वर गेली तर खाली करून मागा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पण एखाद्या फ्रेटवर सूर मरतो तो असाच सापडतो. शेवटी ट्यूनर ॲप लावून मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार ताडून बघा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल (त्या तारेला आधार देणारा छोटा तुकडा) मागे घ्यायचा, उतरत असेल तर पुढे. हे एका स्क्रूचं काम आहे.

ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा आणि हे सगळं पहिल्याच दिवशी करा. परत करायची मुदत भुर्रकन संपते.

दिसायला भारी, सांभाळायला जड

फ्लॉइड रोझ पद्धतीचा, स्प्रिंगवर तोललेला तरंगता ब्रिज पहिल्या गिटारला नकोच. एक तार तुटली की बाकी पाचही बेसूर होतात आणि तार बदलायला अर्धा दिवस जातो. ब्रिज पक्का बसवलेला असेल तर उत्तम. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखा हलणारा ब्रिज असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळा. ब्रिज बॉडीला टेकतो आणि बरीच कटकट मिटते. व्ही आकाराच्या गिटार स्टेजवर दिसतात झकास, पण बसून वाजवताना मांडीवरून घसरतात.

आपला उन्हाळा विसरणं

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि हवा कोरडी ठक्क असते. फिंगरबोर्डचं लाकूड सुकून आक्रसतं, फ्रेटची धातू आक्रसत नाही, मग फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येऊन हाताला खरचटतात. बारीक कानशीने टोकं घासता येतात, फक्त लाकडाला आधी टेप लावा.

यावर उपाय म्हणून गिटार कूलरसमोर ठेवणं हे आपल्याकडचं खास उद्योगीपण. दिवसा ओली हवा, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी. नेकला रोज दोन्हीकडून ताण, वर तारांना गंज. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. आतल्या खोलीत, बॅगेत, चेन लावून ठेवलेली बरी.

मे महिन्यात नेक सरळ होऊन तारा फ्रेटवर खरखरू लागतात, तर श्रावणात तीच नेक पुढे वाकून तारा उंच होतात. गिटार बिघडलेली नसते. खरखर असेल तर ट्रस रॉड थोडा सैल करा, तारा उंच झाल्या असतील तर थोडा आवळा. थोडा म्हणजे पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. बरोबर मापाचीच एलन की वापरा, सुरात लावून पुन्हा कार्डाने फट बघा. खरखर नुसत्या कानाला येत असेल आणि ॲम्पमधून येत नसेल, तर सोडून द्या.

गुणगुण आणि एकदम गप्प

सिंगल कॉइल पिकअप थोडी गुणगुण करतातच. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर ते पकडतात. पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर, ट्यूबलाइटपासून लांब बसून बघा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटार ठीक आहे. पण तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर ताबडतोब ॲम्पचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते.

नव्या तारा सारख्या उतरत असतील तर लगेच ट्युनिंग पेगना (तारा ताणायच्या खुंट्यांना) दोष देऊ नका. तार हलक्या हाताने ओढून ताणा, पुन्हा लावा, असं पाच-सहा वेळा करा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसायची खाचांची पट्टी) खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं की तार अडकत नाही.

आवाज एकदम गेला तर आधी दुसरी केबल लावा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. व्हॉल्यूम फिरवताना चरचरत असेल तर पॉटमध्ये (बटणाखालच्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. केबल लावायच्या जॅकचा नट (बाहेरचा आवळायचा) सैल होऊन आतली वायर तुटली असेल तर कारागीर शोधत बसू नका. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करणारा कुणीही ती सोल्डर करून देईल. कुठली वायर कुठे होती याचा फोटो मात्र तो हात लावायच्या आधी काढा.