पहिलं जहाज मिळालेल्या आपल्याकडच्या पोरांसाठी

बेळगावात वाढलेल्या पोराला दोन सॅल्यूट लहानपणापासून ओळखीचे असतात. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवरचा, तळवा समोर दाखवणारा. आणि सांबऱ्याला एअरफोर्सचा, तिरक्या हाताचा. नेव्हीचा सॅल्यूट आपल्याकडं फार कुणी बघितलेला नसतो. त्यात तळवा खाली, जमिनीकडं. दोर आणि डांबर हाताळून खलाशांचे हात काळे झालेले असायचे, ते वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून तशी रीत पडली, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

आमच्या गल्लीतला एक पोरगा ओडिशातलं चिल्क्याचं ट्रेनिंग करून, पुढचा कोर्स उरकून सुट्टीवर आला. हातात पहिल्या जहाजाचं पोस्टिंग. रताळ्याच्या रानात बांधावर येऊन बसला आणि विचारलं, "काका, ऑफिसर लय तापट असत्यात काय ओ?" मी वीस वर्षं नेव्हीत काढून चीफ पेटी ऑफिसर म्हणून घरी आलोय. त्याला दोन संध्याकाळ जे सांगितलं तेच इथं लिहितोय. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडनंही पोरं जायला लागलीत, त्यांनाही उपयोगी पडेल.

जहाजावर पाय ठेवलास की पहिला सॅल्यूट क्वार्टरडेकला, म्हणजे जहाजाच्या मागच्या मानाच्या डेकला. समोर कुणी असो नसो. डोक्यावर टोपी नसेल तर नेव्हीत सॅल्यूट मारत नाहीत, ताठ सावधान उभं राहायचं. ऑफिसरला 'सर', चीफला 'चीफ'. आर्मीतल्या सुभेदारसाहेबांची जागा इथं चीफ आणि मास्टर चीफ लोकांची असते. त्यांना कमी लेखणारा पोरगा जहाजावर महिनाभरही सुखानं राहू शकत नाही.

आता बोलण्याचं. 'यस सर' हे प्रश्नाचं उत्तर. हुकमाचं उत्तर 'आय आय सर', म्हणजे कळलं आणि करतो. कळलं नसेल तर 'आय आय' कधीही म्हणू नकोस. सरळ 'से अगेन, सर' म्हण. आपली पोरं मराठी शाळेतली, कानडी बाजारात शिकलेली, हिंदी टीव्हीवरनं आलेली. तीन भाषा येणारं पोरगं इंग्रजीसमोर मात्र खाली बघतं आणि न कळलेल्याला मान डोलावतं. जहाजावर ही मान डोलावणं महागात पडतं. सुकाणूवरच्या माणसाला ऑफिसर 'स्टारबोर्ड टेन', म्हणजे उजवीकडं दहा अंश, म्हणाला की तो आधी तेच शब्द मोठ्यानं परत म्हणतो आणि चाक फिरवून झालं की 'टेन ऑफ स्टारबोर्ड व्हील ऑन, सर' असं कळवतो. ऐकलेलं परत म्हणण्यात लाज नाही, सगळं जहाज त्यावरच चालतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गप्प न बसणं. हे मी कसा शिकलो ते सांगतो.

पहिलंच वर्ष होतं. मालवणच्या बाहेर, मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चारची पाळी. मी डाव्या बाजूचा लुकआउट, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारा. अर्ध्या तासापूर्वी लांबच्या एका जहाजाचा दिवा उशिरा सांगितला म्हणून ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात तिथल्या, ऑफिसरनं मला सगळ्यांसमोर झापलेलं. कान गरम होते. तेवढ्यात एक पिवळट उजेड दिसला, पाण्याला चिकटून. लाट आली की जायचा, परत यायचा. तारा असेल असं वाटलं. चुकीचं सांगितलं तर परत बोलणी बसणार. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मागनं जाणाऱ्या चीफनं माझी मान एकाच जागी अडकलेली बघितली आणि विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "काय नाही, चीफ." त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओरडलेच, "रेड टू झीरो, फिशिंग बोट, क्लोज!" जहाज उजवीकडं वळलं. होडी आमच्या बाजूनं सरकत गेली तेव्हा तिच्यातला माणूस मला दिसला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कंदील दोन्ही हातांनी वर धरलेला.

वॉच संपल्यावर त्या ऑफिसरनं मला बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मी झापलं म्हणून तू गप्प राहिलास, तेवढी चूक माझी. पण इथून पुढं दहा वेळा खोटं निघालं तरी अकराव्यांदा सांगायचं." त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. लुकआउटला उभा राहशील तेव्हा हे ध्यानात ठेव: दिसलं की बाजू, अंश आणि वस्तू, एवढं एका दमात सांगायचं. डावीकडं रेड, उजवीकडं ग्रीन. काय आहे ते ओळखता आलं नाही तर 'अननोन लाइट' म्हण. ठरवायचं काम ऑफिसरचं, सांगायचं काम तुझं.

वॉचला दहा-पंधरा मिनिटं आधी जा. रात्रीचा वॉच असेल तर निघताना मोबाइल बघू नकोस, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. उशिरा आलास तर जो चार तास उभा आहे तो ते विसरत नाही. संध्याकाळी चार ते सहा आणि सहा ते आठ असे दोन तुकडे असतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळं दिवसाचे वॉच सात होतात, विषम आकडा, आणि एकाच माणसाच्या माथी रोज मिडल वॉच येत नाही. साधी सोय आहे, खरं न्यायाची आहे.

जागेचं थोडक्यात. एकावर एक तीन बंक, एक लहान लॉकर, गोडं पाणी जपून. मोठी विनाशिका 163 मीटर लांब असते आणि तिच्यावर तीनशेच्या आसपास माणसं. आपल्या एका गल्लीएवढी. ऑफिसरांचं जेवण वॉर्डरूममध्ये, चीफ आणि पेटी ऑफिसरांचं वेगळं, तुमचं वेगळं. कामाशिवाय दुसऱ्याच्या मेसमध्ये जाऊ नये. याचा पहिल्यांदा राग येतो, मलाही आला होता. पुढं लक्षात आलं की चोवीस तास एकाच लोखंडात राहणाऱ्या माणसांना हुकमापासून लांब, पाय पसरून बसायला एक जागा लागते. आपल्या मेसमध्ये ऑफिसर उगाच येत नाही, ही तुझीही सोय आहे.

तक्रार असेल, रजा हवी असेल, घरी अडचण असेल, तर त्याला ठरलेली वाट आहे. प्रत्येक खलाशी एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्या डिव्हिजनचा एक ऑफिसर असतो. आधी तुझ्या पेटी ऑफिसरला सांग, मग रिक्वेस्ट लिहून डिव्हिजनल ऑफिसरपर्यंत. तिथं सुटलं नाही तर तोच पुढं एक्झिक्युटिव्ह ऑफिसर (कॅप्टनच्या खालोखालचा) आणि कॅप्टनकडं नेतो. रिक्वेस्टमध्ये कारण दोन ओळींत, तारखा स्पष्ट, डॉक्टरचा कागद असेल तर जोडलेला. अग्निवीराला वर्षाला 30 दिवस रजा असते, त्यामुळं गणपतीला की यात्रेला हे आधीच ठरव आणि लवकर माग. मेसमध्ये कुरकुरत बसू नकोस आणि वाट सोडून थेट वरही जाऊ नकोस. एका वरिष्ठानं मला माझ्या इंग्रजीवरनं रोज चारचौघांत घालूनपाडून बोलायला सुरुवात केली होती. मी दोन महिने गिळलं, झोप गेली. शेवटी डिव्हिजनल ऑफिसरला सांगितलं आणि आठवड्यात ते थांबलं. दोन महिने मी वाया घालवले, तू घालवू नकोस.

खलाशांची तक्रार कुणी ऐकलीच नाही तर काय होतं तेही ऐक. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या तळावर खलाशांनी जेवण नाकारलं. अन्न निकृष्ट होतं आणि इंग्रज अधिकाऱ्यांची भाषा अपमानाची. बघता बघता कराचीपर्यंत उठाव पसरला, सुमारे 20 हजार खलाशी त्यात उतरले. आमच्या वेळी ड्यूटीवरचा ऑफिसर आमचं जेवण चाखून वहीत लिहायचा, तेव्हा मला दरवेळी ते खलाशी आठवायचे. भात कच्चा असेल तर त्याच वेळी, नीट शब्दांत सांग.

तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा सब-लेफ्टनंट, म्हणजे नवा ऑफिसर, केरळातल्या एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीतून येईल. त्यालाही जहाज नवीन असतं. चीफ त्याला हळूच शिकवतात, सगळ्यांसमोर कधीच नाही. तूही त्याची चूक चारचौघांत काढू नकोस. आणि चार वर्षांनी अग्निवीरांतली 25 टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होणार म्हणून ऑफिसरच्या पुढंपुढं करू नकोस. चांगल्या ऑफिसरला ते लगेच कळतं. आग विझवण्याच्या ड्रिलमध्ये होज कोण घट्ट धरतो ते तो बघत असतो. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानबरोबरच्या युद्धात आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. ड्रिल रोजचंच म्हणून कंटाळा आला तर त्यांची आठवण काढ.

जाताना बॅगेत आलेपाक ठेव. पहिल्या खवळलेल्या समुद्रात पोट ढवळतं तेव्हा कोरडं काहीतरी खा, क्षितिजाकडं बघ आणि हात कामात ठेव, झोपून राहिलास तर जास्त त्रास होतो. कुंदा दोन डबे ने. एक मेसमध्ये पहिल्याच संध्याकाळी उघड, दुसरा चीफकडं दे, ते त्यांच्या मेसमध्ये वाटतील. समुद्रात फोन लागत नाही हे आईला आत्ताच सांग, नाहीतर ती रात्र रात्र जागेल. आणि जहाजाचं नाव, फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून देवघराशेजारी चिकटव. घरात काही झालं तर कुठं कळवायचं हे बापाला शोधत बसायला लागू नये.