कन्सोल आणि गेम सेवा यांची तुलना कशी करावी: टेराफ्लॉप नंतर, आधी गेम कुणाच्या ताब्यात ते बघा

‘कोणता कन्सोल घेऊ?’ असं विचारलं की लोक लगेच आकडे फेकतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप (यंत्राच्या गणनशक्तीचं माप), प्लेस्टेशन ५ म्हणजे १०.२८, मग सिरीज एक्सच भारी. या सल्ल्याने आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. दोन्ही यंत्रं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली, बहुतेक गेम दोन्हींवर निघतात, आणि टीव्हीसमोर बसल्यावर बहुतेक गेममध्ये हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. निन्टेन्डो स्विच तर ताकदीत या दोघांच्या जवळपासही नव्हता, तरी तो १५ कोटींहून जास्त विकला गेला. लोकांनी तो गेमसाठी घेतला.

तुलना करायची ती खेळणाऱ्याच्या बाजूने: मला काय खेळायचंय, कुणाबरोबर खेळायचंय, आणि आज पैसे भरलेला गेम पाच वर्षांनी माझ्याकडे चालेल का. पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. तिसऱ्यावर मी स्वतः बराच काळ अडायचो, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

१. गेमची यादी करा

पुढच्या दोन वर्षांत नक्की खेळणार असे आठ-दहा गेम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुठे-कुठे मिळतो ते लिहा. मारिओ, झेल्डा हवे असतील तर निन्टेन्डोला पर्याय नाही. सोनीचे बरेच एकट्याने खेळायचे मोठे गेम आधी प्लेस्टेशनवर येतात आणि काही काळाने पीसीवर. मायक्रोसॉफ्टचे गेम पीसीवरही असतात, आणि आता काही थेट प्लेस्टेशनवरसुद्धा. फोर्झा होरायझन ५ तिथे २०२५ मध्ये आला. म्हणजे ‘फक्त एक्सबॉक्सवरच’ ही यादी आता फार लहान आहे. जुनी व्हिडिओ परीक्षणं बघून ठरवू नका.

२. सोबती कुठे आहेत ते विचारा

मित्र ज्या कन्सोलवर आहेत तोच घ्या, विषय संपला. क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळण्याची सोय, असलेल्या गेमना ही अट लागू नाही. पण ही सोय फक्त एकत्र खेळण्याची. तुमची प्रगती आणि विकत घेतलेल्या वस्तू दुसऱ्या यंत्रावर येतीलच असं नाही. हे प्रत्येक गेमसाठी वेगळं तपासावं लागतं.

३. यंत्र बघताना दोनच गोष्टी

पहिली, साठवण. खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारी जागा वेगळी असते. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं, वापरायला मिळतात साधारण ६६७. एक्सबॉक्सच्या लहान भावाच्या, सिरीज एसच्या, ५१२ मधले सुमारे ३६४ उरतात, आणि एकेक मोठा गेम १०० जीबी किंवा त्याहून जास्त खातो. वाढवायची सोयही सारखी नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये बाजारातली योग्य वेगाची एम.२ एसएसडी (आत बसवायची साठवणीची पट्टी) बसते, एक्सबॉक्सला त्याचंच खास कार्ड लागतं, आणि स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस; घरात पडलेलं जुनं मायक्रोएसडी कार्ड त्यात गेम ठेवायला चालत नाही.

दुसरी, डिस्क ड्राइव्ह आहे की नाही. सिरीज एसमध्ये नाही. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये नाही, वेगळा घेऊन जोडावा लागतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ डिजिटल एडिशनला तर तो जोडताही येत नाही. २०२३ पासूनच्या सडपातळ मॉडेलला येतो. प्लेस्टेशन ४ च्या डिस्क कपाटात असतील आणि तुम्ही बिनड्राइव्हचा कन्सोल घेतला, तर त्या डिस्क तिथेच राहतील, कारण डिस्कचा गेम फुकट डिजिटलमध्ये बदलून मिळत नाही.

४. गेम नेमका कुणाच्या ताब्यात आहे ते ठरवा

इथे सावकाश वाचा. दुकानात, जाहिरातीत आणि कन्सोलच्या पडद्यावर सगळे गेम सारखेच दिसतात: एक चित्र, खाली ‘खेळा’ असं बटण. पण त्या चित्रामागे पाच वेगवेगळे करार असू शकतात. त्यांची सरमिसळ केली की तुलना पूर्ण चुकते.

*डिस्क किंवा कार्ड.* विकता येतं, उसनं देता येतं, खातं बंद झालं तरी हातात राहतं. सगळ्यात भक्कम प्रकार हाच, पण यातही आता फटी आहेत. काही डिस्कवर गेमचा थोडाच भाग असतो आणि उरलेला डाउनलोड करावा लागतो. स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आहे: कार्डात गेमच नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा इंटरनेटवरून पूर्ण गेम उतरवायचा आणि पुढे खेळताना दर वेळी कार्ड आत ठेवायचं. ते विकता येतं हे खरं, पण ज्या दिवशी डाउनलोडचे सर्व्हर बंद होतील त्या दिवशी नव्या यंत्रावर ते निरुपयोगी. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली तशी सूचना छापलेली असते. ती न वाचता असं खोकं घेऊ नका.

*डिजिटल खरेदी.* तुम्ही ‘खरेदी करा’ दाबता, पण मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या कायद्याने दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं भाग पाडलं, आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये आता तसं लिहिलेलं दिसतं. व्यवहारात हे गेम बरीच वर्षं नीट चालतात, त्यामुळे घाबरून डिजिटल सोडायची गरज नाही. थ्रीडीएस आणि वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या ई-शॉपमधली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबली, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, तरी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय दोन्ही कंपन्यांनी चालू ठेवली. पण ही सोय किती काळ, हे कंपनी ठरवते, तुम्ही नाही. याला खरा अपवाद पीसीवरचं जीओजी हे दुकान: तिथे गेमचा इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवता येतो आणि नंतर कुणाचीही परवानगी लागत नाही.

*सबस्क्रिप्शनमधले ‘दर महिन्याचे’ गेम.* प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला काही गेम लायब्ररीत जमा करता येतात. ते तुमचे झाले असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते साफ चूक आहे. सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंतच ते चालतात. बंद केलं की कुलूप, पुन्हा सुरू केलं की उघडतात.

*कॅटलॉग.* सबस्क्रिप्शन भरून खेळायचा गेमचा मोठा साठा: एक्सबॉक्सचा गेम पास, किंवा प्लेस्टेशन प्लसच्या वरच्या दोन श्रेणी, एक्स्ट्रा आणि प्रीमियम. इथे तर सबस्क्रिप्शन चालू असतानाही गेम निघून जाऊ शकतो. माझी सगळ्यात कडक सूचना इथली आहे: कॅटलॉगमधल्या गेमसाठी डीएलसी (गेमचा वेगळा विकला जाणारा विस्तार) विकत घेऊ नका. गेम कॅटलॉगमधून गेला तर डीएलसी तुमच्या खात्यात राहतं, पण मूळ गेम नसल्यामुळे ते चालत नाही. विस्तार खेळायची इच्छा झाली असेल, तर तो गेम तुम्हाला आवडलाय. आधी मूळ गेम सवलतीत विकत घ्या, मग विस्तार.

*क्लाउड.* गेम तुमच्या यंत्रावर नसतोच, तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र इंटरनेटवरून येतं. गूगलचं स्टेडिया २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडलं. गूगलने गेमचे पैसे परत केले. पुढची सेवा तसंच करेल असं गृहीत धरून त्यात गेमचा संग्रह उभा करू नका. जीफोर्स नाऊ या क्लाउड सेवेची रचना मला जास्त पटते: तिथे तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून आधीच घेतलेले गेम चालवता, त्यामुळे सेवा गेली तरी खरेदी राहते.

आता हे वापरायचं कसं? पहिल्या पायरीतल्या यादीतल्या प्रत्येक गेमपुढे तीन प्रश्न लिहा. सबस्क्रिप्शन थांबलं तर चालेल का? इंटरनेट नसेल तर चालेल का? गेमचा सर्व्हर बंद झाला तर चालेल का? उत्तर फक्त हो किंवा नाही. ‘बहुधा’ लिहावंसं वाटलं तर ‘नाही’ लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसण्यावारी नेतात. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम गेला. डिस्क म्हणजे सुरक्षित, हे समीकरण असं अपुरं पडतं. सतत ऑनलाइन राहणारा गेम कोणत्याही रूपात घ्या, तो भाड्यानेच आहे असं समजून किंमत ठरवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचून मिळत नाही, करून बघावं लागतं. मित्राच्या कन्सोलवर किंवा एका महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये ही चाचणी करा: इंटरनेट तोडा, यंत्र पूर्ण बंद करून चालू करा, गेम उघडा. नंतर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या प्रोफाइलवरून तोच गेम उघडा. डिजिटल गेम उघडला नाही तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं: तो कन्सोल तुमच्या खात्याचा मुख्य कन्सोल म्हणून नोंदलेला नाही. प्लेस्टेशन ५ वर या सेटिंगचं नाव ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’, एक्सबॉक्सवर ‘माय होम एक्सबॉक्स’. एका खात्याला असा एकच कन्सोल ठेवता येतो, आणि एक्सबॉक्सवर तो वर्षभरात ठरावीक वेळाच बदलता येतो. दोन भावंडांमध्ये दोन कन्सोल असतील तर हा मुद्दा टेराफ्लॉपपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो खरेदीआधीच बोलून घ्यायला हवा.

सेव्ह फाइलचंही, म्हणजे गेममधली तुमची प्रगती जिथे साठते तिचंही, याच ठिकाणी बघून टाका. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आहे. प्लेस्टेशन ५ वर त्यासाठी प्लस लागतं, आणि प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येत नाहीत. निन्टेन्डोवरही क्लाउड सेव्हला सबस्क्रिप्शन लागतं आणि काही गेम त्यातून वगळलेले आहेत. शंभर तास घातलेल्या गेमचा सेव्ह गमावणं हे गेम गमावण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतं. तुलनेच्या तक्त्यात हा रकाना ठेवाच.

या पायरीतून माझा नियम असा निघाला आहे. वर्षानुवर्षं परत उघडणार तो गेम डिस्कवर किंवा डिजिटल, पण विकत घ्यावा. सहा-आठ तासांत संपणारे, उत्सुकता म्हणून बघायचे गेम कॅटलॉगमधून खेळावेत. त्यासाठी कॅटलॉगइतकी चांगली सोय नाही. शंभर तासांचा आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा लांबलचक गेम) मात्र आठवड्याला तीन-चार तास खेळणाऱ्याने कॅटलॉगमधून सुरू करू नये. तो संपायला सहा ते आठ महिने लागतील, आणि तेवढ्या महिन्यांच्या सबस्क्रिप्शनमध्ये बहुतेक वेळा तो गेम सवलतीत आला असता.

५. पाच वर्षांचा हिशोब

कन्सोल, जास्तीची साठवण, दुसरा कंट्रोलर, दर वर्षीचं सबस्क्रिप्शन गुणिले पाच, दर वर्षी घेणार ते गेम गुणिले पाच. यातून डिस्क विकून परत येणारी रक्कम वजा. स्वस्त बिनड्राइव्हचा कन्सोल या शेवटच्या ओळीत मार खातो, कारण तिथे परत येणारं काहीच नसतं आणि खरेदी एकाच दुकानातून होते.

सबस्क्रिप्शनची ओळ भरताना एक भेद करा. तिन्ही कन्सोलवर विकत घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला सबस्क्रिप्शन लागतं; फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही, आणि पीसीवर स्टीम त्यासाठी काहीच घेत नाही. ऑनलाइन खेळायचं असेल तर खालची श्रेणी हा कायमचा खर्च धरा. वरची श्रेणी ऐच्छिक आहे, ती एकेका महिन्यासाठी घ्यावी. कॅटलॉगमधले गेम किती यावर भाळू नका. त्यातले तुमच्या यादीतले किती, ते मोजा.

६. परतीचे नियम वाचा

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनवरही मुदत १४ दिवसांची आहे, पण गेमचं डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे तो हक्क संपतो. म्हणून प्लेस्टेशनवर खरेदी करताना आपोआप डाउनलोड बंद ठेवा आणि गेमचं परीक्षण आधी वाचा, नंतर नाही.

७. एक महिना घेऊन बघा

वर्षाचं सबस्क्रिप्शन पहिल्याच दिवशी घेऊ नका, सवलत असली तरीही. एक महिना घ्या, यादीतले दोन गेम आणि यादीबाहेरचा एक गेम खेळा. महिनाभरात यादीबाहेरचं काही उघडलंच नाही, तर तुम्ही विकत घेऊन खेळणारे आहात आणि कॅटलॉग तुमच्यासाठी नाही. घेतल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. महिना संपेपर्यंत सगळं चालू राहतं. आणि ते बंद केल्यावर पडद्यावर शेवटची तारीख दिसते, तिचा फोटो काढून ठेवा.