गोल करणाऱ्यांची वही कशी आखावी

ग्वाल्हेरला कंपूच्या मैदानावर मी बावीस वर्षं हॉकी सामन्यांच्या स्कोअरच्या टेबलावर बसले. त्याआधी विद्यापीठाच्या संघात लेफ्ट इन, म्हणजे आघाडीच्या फळीत डावीकडे, खेळायचे. गेल्या हिवाळ्यात माझी भाची मॉन्ट्रियलला नोकरीला गेली आणि पंधरा दिवसांत तिचा फोन आला. "मावशी, इथे जेवणाच्या सुट्टीत रोज एकच वाद. इथल्या कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाचा सगळ्यात मोठा गोल करणारा कोण? प्रत्येक जण वेगळं नाव घेतो. तू तर हॉकीवाली, तूच सांग."

बर्फावरची हॉकी मी प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही. लडाखची मुलं खेळतात ती टीव्हीवर पाहिली, तेवढंच. पण गोलांचा हिशोब मला कळतो. दुसऱ्या दिवशी लाल कापडी बांधणीची जमाखर्चाची लांब वही आणली आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर बसून तिच्यासाठी यादी मांडली. कोणत्याही संघाची अशी यादी तुम्हाला करायची असेल, तर माझी पद्धत ही.

वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर पट्टीने रकाने आखा: नाव, सामने, गोल, असिस्ट, गुण. उजवं पान अख्खं कोरं ठेवा आणि वर फक्त "काळ" असं लिहा. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याच पानाचा होतो. पेन्सिलनेच लिहा, कारण आकडे लिहिताना एकाचे दुसऱ्यासमोर जातातच.

आता असिस्टचा रकाना नीट समजून घ्या. आपल्या मैदानी हॉकीच्या स्कोअरशीटवर गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, मैदानी गोल की पेनल्टी कॉर्नर, एवढंच लिहितात. बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याच्या आधी त्याच्या संघातल्या ज्या शेवटच्या दोघांनी पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) खेळवला, त्यांचीही नावं लिहितात; तेच असिस्ट. मध्ये समोरच्या संघाने पक ताब्यात घेतला, तर ती साखळी तुटली. गोलाला एक गुण, असिस्टलाही एकच गुण. पास देणारा आणि गोल करणारा हिशोबात बरोबरीचे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ वही मिटून बसले होते. आमच्या एका अंतिम सामन्यात मी डावीकडून चेंडू घेऊन निघाले, दोघींना चुकवलं, गोलरक्षक माझ्याकडे सरकली आणि मी चेंडू आडवा उजवीकडे दिला. राइट इनने फक्त स्टिक लावली. सामना आम्ही १-० असा जिंकलो. शीटवर तिचं नाव लागलं, ते योग्यच होतं. माझ्या नावासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. म्हणून सांगते, यादी मांडताना असिस्टचा रकाना आधी भरा, गोलाचा नंतर.

मॉन्ट्रियलची माझी पहिली चार नावं अशी उतरली. मॉरिस रिशार, ९७८ सामने, ५४४ गोल. गी लाफ्लर, ९६१ सामने, ५१८ गोल, ७२८ असिस्ट, १२४६ गुण. जाँ बेलिव्हो, ११२५ सामने, ५०७ गोल, ७१२ असिस्ट, १२१९ गुण. मॉरिसचा धाकटा भाऊ अँरी रिशार, १२५६ सामने, ३५८ गोल, ६८८ असिस्ट, १०४६ गुण. भाचीच्या ऑफिसातला वाद इथेच उलगडला. गोलांचा रकाना पाहणाऱ्यासाठी मॉरिस रिशार पहिला, गुणांचा पाहणाऱ्यासाठी लाफ्लर. आता भागाकार करा. गुणांना सामन्यांनी भागलं की लाफ्लरचे सामन्यामागे १.३० येतात, बेलिव्होचे १.०८, अँरी रिशारचे ०.८३. गोलांना सामन्यांनी भागलं की मॉरिस रिशार ०.५६ आणि लाफ्लर ०.५४, म्हणजे दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे.

आकडे उतरवताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. खेळाडूचा आकडा कारकिर्दीचा आहे की त्याच संघाचा, हे आधी बघा. लाफ्लर निवृत्तीनंतर परत आला आणि न्यूयॉर्क रेंजर्स व क्वेबेककडून खेळला, त्यामुळे त्याचे एकूण गोल ५६० भरतात. मॉन्ट्रियलच्या वहीत ५१८च लिहायचे. दुसरं, साखळी सामने आणि बाद फेरी यांचे आकडे तिकडे वेगळे ठेवतात. मॉरिस रिशारचे बाद फेरीतले ८२ गोल आणि बेलिव्होचे ७९ वरच्या आकड्यांत धरलेले नाहीत. मी ते लाल पेन्सिलने नावाखाली लिहिते, बेरजेत घेत नाही.

आता उजवं पान. प्रत्येक मोठ्या आकड्यासमोर विचारा: तेव्हा हंगाम किती सामन्यांचा होता, संघ किती होते, नियम काय होते?

ही सवय मला ग्वाल्हेरनेच लावली. आमच्या गावाला रूपसिंगांचा फार अभिमान. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, नोकरी आणि संसार ग्वाल्हेरात, स्टेडियमला त्यांचंच नाव. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यात १० गोल एकट्या रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे. इथलं शाळकरी पोरही हा आकडा सांगतं. त्या स्पर्धेत हॉकीचे संघ तीनच होते, हेही मी टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले. रूपसिंग त्याने तसूभरही लहान होत नाहीत. आकडा कोणत्या जमिनीवर उभा आहे, ते कळतं.

मॉन्ट्रियलच्या वहीत असाच आकडा जो मलोनचा. १९१७-१८ हा नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे मॉन्ट्रियल खेळतं त्या स्पर्धेचा, पहिलाच हंगाम, आणि मलोनने २० सामन्यांत ४४ गोल केले. सामन्यामागे दोनाहून जास्त! उजव्या पानावर मी लिहिलं: सुरुवातीला संघ चार, जानेवारीत एकाचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जळालं आणि तीन उरले. हंगाम सुरू झाला तेव्हा गोलरक्षकाला खाली पडून पक अडवायची मुभा नव्हती, तीही मध्येच मिळाली. पक पुढे पास करता येत नसे. लीग असिस्ट मोजतच नव्हती, म्हणून मलोनचा तो रकाना मी रिकामा ठेवला. तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे केलं नाही, रिकामा म्हणजे मोजलं नाही.

मॉरिस रिशारच्या १९४४-४५च्या ५० सामन्यांतल्या ५० गोलांसमोरही काळ लिहावा लागतो. युद्ध चालू होतं, बरेच खेळाडू सैन्यात होते. शिवाय १९४३मध्ये रिंकच्या मधोमध लाल रेषा आली आणि बचावाच्या भागातून तिथपर्यंत पुढे पास देता येऊ लागला, खेळ वेगवान झाला. हे सगळं मान्य करूनही मी त्या हंगामाला मानते. २८ डिसेंबर १९४४ला त्या माणसाने दिवसभर घर बदलण्यासाठी सामान वाहिलं आणि रात्री डेट्रॉइटविरुद्ध ५ गोल आणि ३ असिस्ट केले.

कधी कधी खेळाडूच नियम बदलायला लावतो, तेही याच पानावर येऊ द्या. ५ नोव्हेंबर १९५५ला बोस्टनचे दोन खेळाडू नियम मोडल्याबद्दल खेळाबाहेर, शिक्षेच्या बाकावर असताना बेलिव्होने ४४ सेकंदांत ३ गोल मारले. तेव्हा छोट्या शिक्षेची दोन मिनिटं पूर्ण भोगावी लागत, मग कितीही गोल होवोत. पुढच्या हंगामापासून एक गोल झाला की बाकावरच्या खेळाडूला परत येता येऊ लागलं.

मॉरिस रिशार सर्वाधिक गुणांचा मानकरी एकदाही ठरला नाही. १९५५च्या मार्चमध्ये तो अगदी जवळ होता, पण पंचाला मारल्याबद्दल उरलेल्या हंगामापुरतं त्याला बाहेर बसवलं. शहरात दंगल झाली. त्याच्याच संघाचा बर्नी जेफ्रियन एका गुणाने पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४, आणि घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मला जेफ्रियनचं फार वाईट वाटतं. त्याने आपलं काम केलं होतं.

आणि ज्या हंगामात रिशारने ५० गोल केले, त्या हंगामात गुणांत पहिला कोण? इथे माझा असिस्टचा रकाना कामाला आला. रिशारचे ५० गोल, २३ असिस्ट, एकूण ७३. त्याच्याच शेजारी मध्ये खेळणारा एल्मर लाक, २६ गोल, ५४ असिस्ट, एकूण ८०. तिसरा त्याच फळीतला टो ब्लेक, ६७. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्या वर्षी लाकलाच मिळाला. त्याची सगळी कारकीर्द मॉन्ट्रियलची: ६६४ सामने, २१५ गोल, ४०८ असिस्ट. गोलांच्या क्रमाने यादी लावली तर तो कुठल्या कुठे खाली जातो. माझ्या वहीत तो पहिल्या पानावर आहे, आणि तुम्हीही असा एक तरी खेळाडू शोधल्याशिवाय आपली यादी पुरी झाली असं समजू नका. असिस्ट गोलांच्या जवळपास दुप्पट दिसले की थांबा, आणि त्याच्या पासवर गोल कोण करत होतं ते बघा.

भाचीने लंचला लाकचं नाव काढलं तेव्हा एका वयस्कर सहकाऱ्याने जेवण बाजूला ठेवून तिला अर्धा तास १९५३ची गोष्ट सांगितली म्हणे. तिने रात्री मला फोन केला आणि मी तपासून ती ओळ वहीत घेतली: १६ एप्रिल १९५३, स्टॅनले कप या लीगच्या विजेतेपदाच्या चषकाची अंतिम फेरी, बोस्टनविरुद्ध, जादा वेळ १ मिनिट २२ सेकंद. गोल लाक. असिस्ट रिशार.