ट्रायच्या कन्सल्टेशन पेपरला दखल घ्यावी लागेल असं उत्तर कसं द्यायचं

ब्रॉडबँड म्हणायला वेग किती हवा, सेवा किती तास बंद पडली की भरपाई द्यायची, नवी सेवा कोणत्या अटींवर सुरू करू द्यायची, असे प्रश्न आले की ट्राय म्हणजेच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण आधी कन्सल्टेशन पेपर, म्हणजे प्रश्न मांडून लोकांची मतं मागवणारा दस्तऐवज, काढतं. उत्तर कोणीही देऊ शकतं. देतात मात्र मुख्यतः मोठ्या कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोजके अभ्यासगट. तालुक्याच्या गावी फायबर टाकणारा केबलवाला, नेटवर्क सांभाळणारा इंजिनिअर, ग्राहक संघटना यांच्याकडची माहिती त्या फायलीपर्यंत क्वचित जाते. गेलीच तर बहुतेकदा तक्रारीच्या सुरात जाते आणि धोरण लिहिणाऱ्याला त्यातून उचलण्यासारखं काही सापडत नाही.

पत्ता बरोबर आहे ना?

आधी विषय ट्रायच्या हातातला आहे का ते बघा. तुमच्या एकट्याच्या जोडणीची तक्रार इथे चालत नाही. ती कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तिथे सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे न्यायची. रस्ता खोदायची किंवा खांब वापरायची परवानगी अडली असेल तर तो ‘राइट ऑफ वे’चा विषय. त्याला दूरसंचार कायदा २०२३ आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले राइट ऑफ वे नियम लागतात, आणि फाइल असते नगरपालिका, पीडब्ल्यूडी किंवा जिल्हा प्रशासनाकडे. भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींना ब्रॉडबँड पोचवणाऱ्या सरकारी योजनेची, लाइन ग्रामपंचायतीत येऊन बंद पडली असेल तर ती अंमलबजावणीची बाब झाली.

विषय ट्रायचाच असेल तर पेपरच्या प्रस्तावनेत हा पेपर कशासाठी काढलाय ते शोधा. दूरसंचार विभागाने मत मागितलंय असं लिहिलेलं असेल, तर शेवटी निघेल ती शिफारस. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. ट्राय कायदा १९९७ च्या कलम ११ नुसार सरकारला ती पटली नाही तर फेरविचारासाठी परत येते आणि ट्रायला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. याउलट कलम ३६ खालचं विनियमन (ट्रायने स्वतः केलेले नियम) आणि कलम ११(२) खालचा दर-आदेश थेट लागू होतात. हा फरक उत्तराच्या मांडणीत उतरला पाहिजे. शिफारशीसाठी लिहिताना सरकारी तिजोरीवरचा भार आणि परवान्याच्या अटी यांवर बोला. विनियमनासाठी लिहिताना मोजणार कोण, कसं, किती वेळाने आणि चुकलं तर काय, हे सांगा.

वेळेचं गणित

साधारणपणे सूचनांसाठी चार आठवडे आणि प्रतिसूचनांसाठी, म्हणजे काउंटर कमेंट्ससाठी, पुढचे दोन आठवडे मिळतात. मुदत पुष्कळदा वाढते, पण ती वाढेल या भरवशावर राहू नका. पहिल्या दोन दिवसांत पूर्ण पेपर वाचून प्रश्नांची यादी काढा. पेपरात तीस प्रश्न असले तर तीसही सोडवायची गरज नाही. ज्यांवर तुमच्याकडे आकडे किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे असे चार-पाच निवडा. बाकीच्या प्रश्नांवर ‘आम्ही सहमत आहोत’ असं लिहून पानं भरली की चांगली उत्तरंही त्यात बुडतात.

मोजमाप

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक उत्तरं पडतात तीही इथेच. मोबाइलवरच्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कोणी धरत नाही. कंपनी एका ओळीत सांगते की दोष घरातल्या वायफायचा होता, आणि ते खरंही असू शकतं.

म्हणून लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. केबल कॅट ५ई किंवा त्यावरची हवी. दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनवर वेग सतत ९३-९४ च्या आसपासच अडकत असेल तर कंपनीला दोष देण्याआधी राउटरचा पोर्ट बघा. जुन्या किंवा स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. पोर्ट गिगाबिटचा असूनही केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. तो प्रत्येक नोंदीसोबत टिपून ठेवा. व्हीपीएन, क्लाउड बॅकअप आणि घरातला टीव्ही चाचणीपुरते बंद. डेटाची मर्यादा संपली होती का, हेही नोंदवा, कारण त्यानंतर प्लॅनप्रमाणेच वेग कमी होतो आणि तशी नोंद आली की सगळा तक्ता संशयास्पद ठरतो.

दिवसातून तीन वेळा मोजा: सकाळी, दुपारी आणि रात्री ८ ते ११ च्या दरम्यान. सलग दोन आठवडे मोजलं की शनिवार-रविवारही त्यात येतात. दर वेळी दोन सर्व्हर घ्या, एक सेवा देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यातला आणि एक बाहेरचा. आतल्या सर्व्हरवर वेग उत्तम आणि बाहेरच्यावर रात्री ढासळलेला दिसला तर अडचण शेवटच्या तारेत नाही, कंपनीने बाहेरच्या जाळ्यांशी घेतलेल्या जोडणीची क्षमता अपुरी आहे. धोरणासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे, कारण ग्राहकाला ती कधीच सांगितली जात नाही. चाचणीचं साधन मध्येच बदलू नका. ऊकलाची ‘स्पीडटेस्ट’ एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, एम-लॅबची एनडीटी ही वेगचाचणी एकाच जोडणीवर मोजते; त्यामुळे एकाच तारेवर दोघांचे आकडे वेगळे येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचं प्रमाण, मोजताना एक चूक हमखास होते. पिंग या चाचणीने सर्व्हरकडे १०० पॅकेट पाठवली तर एक हरवलं तरी लॉस १ टक्का दिसतो, दोन हरवली तर २. निकषच १ टक्क्याचा असेल तर एवढ्या मोजणीवरून काहीच सिद्ध होत नाही. दर खेपेला निदान हजार पॅकेट पाठवा. वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये मधल्याच एखाद्या टप्प्यावर लॉस दिसला म्हणून उडी मारू नका. पुष्कळ राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सगळ्यात शेवटी करतात, पुढची वाहतूक मात्र नीट सोडतात. शेवटच्या सर्व्हरपर्यंत लॉस टिकत असेल तरच तो खरा.

आकडे मांडताना सरासरीपेक्षा मध्यक (नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, सोबत सगळ्यात वाईट दहा टक्के नोंदी वेगळ्या. एमबीपीएस (मेगाबिट) आणि एमबी (मेगाबाइट) प्रतिसेकंद यांत आठपटीचा फरक आहे; तक्त्यात एकदा जरी घोळ झाला तरी विरोधी बाजू प्रतिसूचनेत नेमका तोच दाखवते. एका घराच्या नोंदीपेक्षा एकाच कंपनीच्या वीस घरांच्या नोंदी कितीतरी वजनदार. ग्राहक संघटनांना हे सहज जमण्यासारखं आहे, तरी क्वचितच कोणी करतं.

उत्तराचा घाट

प्रत्येक उत्तर चार भागांत बसवा: प्रश्नाचा क्रमांक, एका वाक्यात भूमिका, पुरावा, आणि विनियमनात जसेच्या तसे घालता येतील असे शब्द. हा चौथा भाग जवळपास कोणीच लिहीत नाही.

समजा प्रश्न आहे, ‘वायरलाइन ब्रॉडबँडचा वेग कसा मोजावा?’ नेहमी येणारं उत्तर असं: ‘कंपन्या सांगतात तेवढा वेग मिळत नाही, कडक कारवाई व्हावी.’ आता दुसरं उत्तर बघा (आकडे नमुन्यादाखल): ‘रात्री ८ ते ११ चा वेग वेगळा नोंदवावा. तक्ता १ मधल्या १०० एमबीपीएसच्या जोडण्यांवर या तीन तासांत ३८ एमबीपीएस मिळतात, उरलेल्या वेळात ९२. चोवीस तासांची सरासरी ८५ येते, त्यामुळे सध्याच्या अहवालात ही घट दिसत नाही. प्रस्तावित मजकूर: सेवा पुरवठादाराने रात्री ८ ते ११ या वेळेतील डाउनलोड व अपलोड वेगाचा मध्यक प्रत्येक प्लॅनसाठी, जिल्हानिहाय, दरमहा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा.’ यात कोणावर आरोप नाही, आणि अधिकाऱ्याला मसुद्यात उचलून ठेवता येईल असं एक वाक्य आहे.

लहान सेवा पुरवठादारांसाठी सूट मागायची असेल तर ‘लहान’ म्हणजे किती ग्राहक ते आकड्यात लिहा आणि अहवाल तयार करायला महिन्याला किती मनुष्यतास जातात ते मांडा. नुसतं ‘आम्हाला परवडणार नाही’ हे मोठ्या कंपन्याही लिहितात.

एकच मजकूर हजारांनी पाठवायची मोहीम इथे कितपत चालते? २०१५ च्या डिसेंबरात ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर पेपर काढला, तेव्हा फेसबुकच्या फ्री बेसिक्सला, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या योजनेला, पाठिंबा देणारे लाखो साचेबंद ईमेल आले. त्यांत पेपरातल्या प्रश्नांची उत्तरं नव्हती, आणि ट्रायने तसं बोलूनही दाखवलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारं विनियमन निघालं. म्हणजे ईमेलची संख्या बातमीसाठी ठीक, फायलीसाठी नाही.

पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा उत्तरही इंग्रजीत दिलेलं व्यवहाराला बरं. विचार मराठीत करून कच्चा मसुदा मराठीतच करा आणि मग नीट भाषांतर करून घ्या. थेट मोडक्या इंग्रजीत लिहिलं की मुद्दाच निसटतो. फाइल वर्ड आणि पीडीएफ दोन्ही प्रकारांत पाठवा. पीडीएफ स्कॅन केलेली नको, मजकूर कॉपी करता आला पाहिजे. उत्तरं संकेतस्थळावर जशीच्या तशी चढतात. २०१५ मध्ये तर ट्रायने लोकांचे ईमेल पत्तेही प्रसिद्ध केले होते आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता. तेव्हा ग्राहकांची नावं, फोन नंबर, घरांचे पत्ते तक्त्यातून आधीच काढा. जोडणी १, जोडणी २ असं लिहिलं तरी पुरतं.

प्रतिसूचना आणि खुली चर्चा

दुसऱ्यांची उत्तरं वाचायला मिळतात ही या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुमच्या विरोधातली दोन-तीन वजनदार उत्तरं निवडून जोडपत्रांसकट वाचा. मग छोटा तक्ता करा: त्यांचं विधान, पान क्रमांक, आपला पुरावा. नवे मुद्दे इथे काढू नका. कंपनीने एका पेपरात एक आणि दुसऱ्या पेपरात उलट भूमिका घेतली असेल तर दोन्ही उतारे शेजारी ठेवा. शेरा मारायची गरज नसते.

खुल्या चर्चेसाठी, म्हणजे ओपन हाऊस डिस्कशनसाठी, नाव आधी नोंदवावं लागतं. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतील असं धरून एकच मुद्दा घ्या. लेखी उत्तर वाचून दाखवणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

निर्णय आल्यावर

विनियमनाच्या शेवटी स्पष्टीकरणात्मक टिपण असतं. तिथे ‘काही संबंधितांचं (स्टेकहोल्डर्सचं) म्हणणं’ अशा शब्दांत तुमचा मुद्दा आलाय का आणि तो का नाकारला ते शोधा. नुसतं समाधान म्हणून नव्हे. कॉल ड्रॉपला एक रुपया भरपाई देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ ला रद्द केला, तो मनमानी आणि अपारदर्शक ठरवून. ट्रायच्याच तांत्रिक टिपणात काही कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात असं होतं, आणि नियम करताना त्याची संगती लावलेली नव्हती. कलम ११(४) पारदर्शकता बंधनकारक करतं, म्हणून नोंदीवर असलेला पण उत्तर न मिळालेला पुरावा पुढे कामाला येतो. ध्यानात असू द्या, विनियमनाला टीडीसॅटमध्ये, म्हणजे दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणात, आव्हान देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसं ठरवलंय. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

शिफारस असेल तर काम अर्धंच झालंय. ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला. तो २ एमबीपीएस करावा असं ट्रायने ऑगस्ट २०२१ मध्ये सुचवलं आणि अधिसूचना निघाली जानेवारी २०२३ मध्ये. या मधल्या काळात फाइल दूरसंचार विभागात आणि डिजिटल कम्युनिकेशन्स कमिशनपुढे फिरत असते. शिफारस आल्याच्या आठवड्यातच तुमचं उत्तर दोन पानांत आटोपून विभागाच्या संबंधित शाखेला पाठवा. सहा महिने हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून नेमकं विचारा: अमुक तारखेच्या शिफारशीवर आजवर झालेल्या टिपणीच्या प्रती आणि फाइल सध्या कोणाकडे आहे. ‘काय कार्यवाही केली’ असं मोघम विचारलं तर ‘विचाराधीन’ एवढंच उत्तर येतं.