शेल्टरमधून कुत्रा घरी आणताय? पहिल्या पंधरवड्यातल्या या चुका टाळा

भुरी आमच्याकडे आली ती जुलैतल्या एका रविवारी, रिक्षातून, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. रिक्षावाले काका वळून वळून बघत होते. "किती शांत आहे हो!" आम्हालाही तसंच वाटलं. घरी येऊन ती जी दिवाणाखाली शिरली ती मंगळवारी रात्री बाहेर आली. शांत वगैरे काही नव्हतं. जीव मुठीत धरून बसली होती बिचारी.

त्यानंतर जमेल त्या रविवारी मी शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जातो. तिथे सगळ्यात वाईट वाटतं ते परत आलेल्या कुत्र्यांचं. हौसेने नेलेला कुत्रा आठ-दहा दिवसांत माघारी येतो. कारणं तीच ती: घरात शू करतो, खात नाही, मुलावर गुरगुरला, एकटा ठेवला की शेजारी तक्रार करतात. यातलं बरंचसं महिन्याभरात निवळतं, उरलेलं थोड्या युक्तीने सुटतं. पण नेणाऱ्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

फोटोतले डोळे बघून ठरवणं

पुण्यात मुंढव्याची ब्ल्यू क्रॉस सोसायटी आहे, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, शिवाय लहान-मोठी खासगी शेल्टर्स आहेत. कुठेही जा, एका भेटीत ठरवू नका. दुपारी जेवणं झाल्यावर सगळीच कुत्री गरीब दिसतात. एकदा सकाळी जा, एकदा संध्याकाळी. पट्टा लावून गेटबाहेर पाच मिनिटं चालवून बघा. बस, बुलेट, सायकल दिसल्यावर तो काय करतो ते तिथेच कळतं. आणि पिंजरे धुणाऱ्या मावशींशी बोला. अर्ज ऑफिसात असतात, पण जेवताना कोण भांडतो आणि मांजर दिसलं की कोण पिसाळतो हे मावशींना पाठ असतं.

पिल्लूच हवं असा हट्ट नको. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शूला न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेता येत नाही. आणि गावठी पिल्लू वाढून केवढं होईल हे भले भले सांगू शकत नाहीत. दोघंही नोकरी करत असाल तर दोन-तीन वर्षांचा, नसबंदी झालेला, स्वभाव कळलेला कुत्रा घ्या. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी विचारा. दिवसभर घरी असणाऱ्या आई किंवा सासूबाई मनापासून 'हो' म्हणाल्या नसतील, तर थांबा.

सैल गळपट्टा, उघडं दार

नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका पहिल्याच काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि मान वाकवून गळपट्ट्यातून डोकं काढतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत मोकळा. म्हणून पट्ट्यात जेमतेम दोन बोटं शिरतील एवढीच जागा ठेवा. पहिला महिना हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालून दोन दोऱ्या वापरा. ओढलं की आवळणारी मार्टिंगेल कॉलर मिळाली तर उत्तम. मोबाइल नंबरचा बिल्ला शेल्टरमधून निघण्याआधी गळ्यात अडकवा, घरी गेल्यावर नव्हे.

तरीही निसटलाच, तर मागे धावू नका आणि चारी बाजूंनी हाका मारू नका. खाली बसा, तोंड बाजूला वळवा, खाऊची पिशवी वाजवा. दिसेनासा झाला तर त्याची वापरलेली चादर जिथून निसटला तिथे ठेवा, वॉचमन, दूधवाले, टपरीवाले यांना फोटो पाठवा आणि रात्री उशिरा, रस्ते शांत झाल्यावर पुन्हा शोधा. लपलेली कुत्री त्या वेळी हलतात.

पहिल्याच दिवशी आंघोळ आणि पाहुणे

वास येतो, मान्य. ओल्या फडक्याने पुसा, आंघोळ आठवड्याने घाला. बघायला येणाऱ्यांनाही तोपर्यंत थोपवा. श्वानप्रेमी मंडळी तीनाचा एक ढोबळ हिशेब सांगतात: भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. भुरीने पहिला टप्पा वेळेत गाठला, दुसऱ्याला सहा आठवडे घेतले. दिवाणाखालून ओढून काढायच्या फंदात आम्ही पडलो नाही, एवढंच काय ते आमचं शहाणपण.

दूध-पोळी

आपल्याकडे कुत्रा म्हटला की दूध-पोळी. वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. दुसऱ्या दिवशी जुलाब. शेल्टरमध्ये जे मिळत होतं, भात-चिकन असो की कोरडं खाणं, तेच आठवडाभर द्या आणि मग हळूहळू बदला. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट विषारी आहेत, 'एवढंसं' चालत नाही. पहिला दिवस काहीच खाल्लं नाही तरी पाणी पितोय ना ते बघा. दोन दिवस उलटले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरकडे. पिल्लू असेल तर एवढीही वाट बघू नका.

बाहेर तासभर, शू मात्र बाल्कनीत

यावर आमचं घर आठ दिवस चक्रावलं होतं. सकाळी तिला डीपी रोडला न्यायचो, गवत दाखवायचो, झाडं दाखवायचो. बाईसाहेब सगळं हुंगून घ्यायच्या. घरी येऊन कुलूप उघडतोय तोवर थेट बाल्कनी, आणि तिथे तळं! मुद्दाम करते, असं आईचं ठाम मत झालं.

पुढच्या रविवारी शेल्टरमध्ये खाली मान घालून चालताना उत्तर पायाखालीच सापडलं. तिथे सगळीकडे शहाबादी फरशी होती. दीड वर्ष ती त्याच फरशीवर शू करत होती; गवत म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. कुत्र्याच्या पायाला ज्या जागेची सवय लागते, तीच त्याच्या लेखी मोरी. आमच्या बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी शहाबादीच आहे. सोमवारी सकाळी तिला तिथे नेलं, अर्ध्या मिनिटात काम झालं. खिशातला चिकनचा तुकडा तिथल्या तिथे दिला, नंतर बादलीभर पाणी ओतून आलो. मग त्या फरशीवर गोणपाट टाकलं, आणि ते रोज हातभर मातीकडे सरकवलं. बाराव्या दिवशी मातीत.

घरात झालंच तर ओरडू नका. प्रसंग घडून गेल्यावर ओरडलं की कुत्रा एवढंच शिकतो की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्यामागे जातो, आणि बाहेरही तुमच्यासमोर करत नाही. पुसायला लघवीचा वास मोडणारं एन्झाइमचं क्लीनर आणा. फिनेलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्यापुरता नाही.

"कार्ड आहे ना, मग डॉक्टर कशाला?"

कार्डावर रेबीजच्या लसीची तारीख बघा (पहिली तीन महिन्यांच्या वयाला, नंतर डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी). पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांची एकत्रित लस झाली का, जंताचं औषध कधी दिलं, हेही बघा. हे सगळं असलं तरी तीन-चार दिवसांत तपासणी कराच. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण आठवड्याभरात दिसतात, डिस्टेंपरला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. म्हणजे शेल्टरमधून ठणठणीत निघालेला कुत्रा तुमच्याकडे येऊन आजारी पडू शकतो, आणि त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. घरात आधीचा कुत्रा असेल तर त्याच्या लसी पूर्ण असायला हव्यात, आणि दोघांची पहिली भेट घरात नको. रस्त्यावर, अंतर ठेवून, एकाच दिशेने चालत होऊ द्या.

पावसाळ्यात गोचीड ताप विसरू नका. एरवी खादाड कुत्रा ताटापासून वळला, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट घसरलेल्या असतात. वेळेत उपचार झाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. पण आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. त्याने कुत्रा दगावू शकतो.

रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा. महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी करावी लागते, तिथे तो लागतो.

गुरगुरला म्हणून फटका

गुरगुरणं म्हणजे 'जरा लांब हो' असं सांगणं. ते मारून बंद केलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. जेवताना ताटात हात घालू नका. हाडूक काढून घ्यायचं असेल तर त्याहून चांगलं काहीतरी पुढे करा. लहान मुलाला मिठी मारू देऊ नका, आणि दोघांना एकटं सोडू नका. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

रजा काढून आठवडाभर मिठीत, सोमवारी नऊ तास एकटा

यापेक्षा रजा नसलेली बरी. दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटं दाराबाहेर जा, परत या, काही न बोलता. मग पाच, मग वीस. चप्पल घातली की रडतो? मग दिवसातून दहा वेळा चप्पल घाला आणि पेपर वाचत बसा.

ढोल

हे खास आपल्या गावाचं. जुलैत कुत्रा आणला आणि तीन आठवड्यांनी नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला. मी स्वतः कॉलेजात असताना ताशा वाजवलाय, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण पहिल्या टोलाला भुरीने रस्त्याच्या मधोमध अंग टाकलं आणि पंधरा किलोचं ते गाठोडं उचलून घरी आणावं लागलं. मग आम्ही संध्याकाळची फेरी साडेपाचला आणली. सराव सुरू झाला की खिडक्या बंद, पंखा फुल, पडदे ओढलेले, कोपऱ्यात गोधडी. घाबरल्यावर जवळ घेतलं तर कुत्रा भित्रा होतो, हा गैरसमज आहे. येत असेल तर घ्या, लपत असेल तर लपू द्या. विसर्जन आणि दिवाळीसाठी औषध लागेल असं वाटत असेल तर डॉक्टरांना दोन-तीन आठवडे आधी विचारा, आदल्या रात्री नव्हे. आणि त्या दिवसांत दोन दोऱ्यांशिवाय दाराबाहेर पाऊल नको.

सोसायटी

कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सोसायटीला बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये तशी मार्गदर्शक सूचना काढली आहे. ती कमिटीच्या तोंडावर फेकण्याआधी शी उचलायची पिशवी खिशात आहे ना ते बघा.

जमलंच नाही तर

कधी कधी नाहीच जमत. मुलाला दमा निघतो, बदली होते. तेव्हा ज्या शेल्टरमधून आणला तिथे फोन करा. बहुतेक ठिकाणी परत घेतात. 'गावठीच आहे, राहील रस्त्यावर' म्हणून सिंहगड रस्त्याला गाडीतून उतरवून येणारे लोक आहेत. जनावराला असं उपाशी मरायला सोडणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

भुरीला आता तीन वर्षं झाली. दिवाण तिचाच आहे, खालून नाही, वरून. रोज मातीतच जाते. मात्र एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात शहाबादी दिसली की अजून थबकते, माझ्याकडे बघते, आणि मी घाईघाईने दोरी ओढतो.