पाण्यात उतरण्याआधी विचारा: आज तांडेल कोण?

मुंबईत बहुतेकांचं कयाकिंग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजने सुरू होतं. रविवार, सकाळी साडेसहा, मार्वे जेट्टी, लाइफ जॅकेट मिळेल. मेसेज टाकणारा गाड्या जुळवतो, पैसे गोळा करतो, नाश्त्याचं बघतो आणि किनाऱ्यावर पोचेपर्यंत सगळे त्यालाच लीडर धरून चालतात. त्याने तसं कधी म्हटलेलंच नसतं. म्हणून नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगते: बोटीत बसण्याआधी सगळ्यांसमोर विचारा, "आज पाण्यात निर्णय कोणाचा?"

कोळीवाड्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही. बोट नाखव्याची, म्हणजे मालकाची असली तरी दर्यात शब्द तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, आणि धक्का सोडण्याआधीच ते प्रत्येक खलाशाला माहीत असतं. हौशी गटात मात्र हे बोलून ठरवावं लागतं. पैसे घेऊन कुणी नेत असेल तर जबाबदारी त्याची. बरोबरीचे मित्र निघाले असतील तर लीडर नसला तरी चालतं, फक्त "आपण एकमेकांना बघणार आहोत" एवढं तोंडाने म्हटलेलं हवं. धोका असतो तो अर्ध्यांना लीडर आहे असं वाटणाऱ्या आणि उरलेल्यांना जो तो आपापला असं वाटणाऱ्या गटात. तिथे मागे राहिलेल्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

चांगला लीडर किनाऱ्यावरच ओळखू येतो. एका दादांबरोबर मी बराच काळ मनोरीच्या खाडीत वल्हवलं. ते लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघत. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळायचे. हे करता करता प्रत्येकाशी हळू आवाजात बोलत: झोप झाली का, खांदा दुखतोय का, पोहता येतं का. एकदा एका मुलीने सांगितलं, "दादा, तोंडावर पाणी आलं की मला घाबरायला होतं." ते म्हणाले, "आत्ता बोललीस ते बरं केलंस. तू माझ्या डाव्या हाताला राहा. आणि आज आपण खाडीच्या तोंडापर्यंत जायचं नाही." बेत तिथल्या तिथे बदलला आणि कुणी कुरकुरलं नाही. माझ्या मते लीडरचं सगळ्यात मोठं काम हेच: भीती सांगणं सोपं करणं. आणि नवख्याची जबाबदारी ती सांगण्याची. दुखरा खांदा लपवून आलेला माणूस दोन तासांनी सगळ्या गटाचं ओझं होतो.

आता पाण्याबद्दल, कारण मुंबईत निर्णय घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर होतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती असताना तो बराच कमी असतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. नेमकी वेळ अर्थात भरतीच्या तक्त्यातूनच घ्यावी. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात धावतं. नवखा माणूस ताशी चार-पाच किलोमीटर वल्हवतो. उधाणाचा ओघ उलटा लागला की त्यातलं फार थोडं हातात उरतं.

त्यात वारा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणून किनाऱ्याजवळ पाणी अगदी शांत दिसतं, पण दमलेल्या माणसाची बोट तोच वारा हळूहळू बाहेर नेतो. दुपारकडे खारे वारे सुरू होतात. पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमाराला असते. म्हणजे परतीच्या वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समोरून आत येणारा. दोघे भिडले की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. हे लीडरला माहीत हवंच, पण तुम्हीही विचारा: "पाणी कधी फिरणार? आपण कुठून मागे वळणार?" या प्रश्नावर चिडणाऱ्या माणसाबरोबर मी जाणार नाही.

खाडीत डोल जाळीही असतात. खुंटांना बांधलेली, तोंड प्रवाहाकडे उघडं. जोरात पाणी असताना त्यांच्या वरच्या बाजूने कधीच जाऊ नका. प्रवाह बोटीला सरळ जाळ्यात नेऊन दाबतो. शिवाय ते कुणाचं तरी पोट आहे.

पाण्यात गटाचा वेग सगळ्यात हळू वल्हवणाऱ्याचा. लीडर पुढेच असतो असं नाही, जिथून सगळे दिसतात तिथे तो असतो. शेवटी एक जाणता माणूस, त्याच्या मागे कुणीही नाही. वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा किनाऱ्यावर करून बघायच्या: वल्हं डोक्यावर आडवं म्हणजे थांबा, उभं म्हणजे माझ्याकडे या, तीन शिट्ट्या म्हणजे संकट.

कुणी उलटलं की सगळ्यांनी तिकडे धावायचं नाही. वाचवायला म्हणून जमलेल्या बोटी एकमेकींवर आदळतात आणि आणखी एक माणूस पाण्यात पडतो. सगळ्यात जवळचा सक्षम माणूस जातो. उलटलेल्याने बोट सोडायची नाही, वल्हंही शक्यतो हातात ठेवायचं. मदतीला आलेल्याने ती सरळ करून आपल्या बोटीशेजारी घट्ट धरली की पाय मारत पोटावर तिच्यावर सरकायचं, मग वळून बसायचं. बाकीच्यांना शेवटचा माणूस एकत्र धरून ठेवतो आणि आपण सगळे मिळून कुठे वाहत चाललोय यावर नजर ठेवतो. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवलेली असावी, आणि ती टळली तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ लावायचा, हेही. पावसाळ्यात समुद्रात उतरायचंच नाही. जून-जुलैत कोळ्यांच्या यांत्रिक बोटीही बंदीमुळे धक्क्याला असतात.

पुढे स्वतः गट न्यायचा असेल तर आधी शेवटी राहायला मागा. मागून सगळ्यांचे खांदे दिसतात: कुणाचं वल्हं आता पाण्यावर नुसतं थापटतंय, कोण बोलायचं थांबलंय, कोण सारखं मागे वळून किनारा बघतंय. हे टिपून लीडरला वेळेत सांगता यायला लागलं की एखाद्या जाणत्याला बरोबर घेऊन छोटा गट न्या. रस्ता ओळखीचा आणि दिवस भांगाचा निवडा, चार नवख्यांहून जास्त घेऊ नका, आणि तुमच्या जागेवर शेवटी कोण राहणार ते आदल्या रात्रीच पक्कं करा.