खाजणात भराव पडतोय? टिकेल अशी तक्रार कशी करावी

खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खारफुटीच्या दलदलीत, डंपर रिकामा होताना दिसला, तर पहिला फोन ११२ ला. गाडी जागीच अडवणं पोलिसांनाच जमतं. लेखी अर्ज कुणी वाचेपर्यंत जेसीबीने भराव सपाट केलेला असतो. गाडीचा नंबर रस्त्यावरूनच टिपा, रात्री एकट्याने आत शिरू नका.

पुढचं काम घाईचं नाही. ऐरोली असो, नेरूळ असो की ठाण्याचं कोपरी, तक्रार बहुधा दोनच ठिकाणी अडते: जागा नेमकी सापडत नाही, किंवा ‘तिथे खारफुटी नव्हतीच’ असं उत्तर येतं. म्हणून फोटोत न हलणारी खूण हवी: विजेच्या टॉवरचा क्रमांक, पुलाचा खांब, रस्त्याखालून पाणी जाणारी मोरी. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की वेळ आणि ठिकाणाची नोंद गळून पडते, आणि कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं (डिजिटल पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर मूळ फाइलच लागते. खारफुटी आधी होती हे दाखवायला गूगल अर्थवरची जुनी चित्रं काढा, पण जानेवारी ते मेमधली. पावसाळ्यानंतर गवतही हिरवंगार दिसतं आणि गल्लत होते.

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित पुरावा पाण्याचा आहे. तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळं श्वासासाठी चिखलातून वर येतात. त्यांवर राडारोडा पडला की झाड गुदमरतं, हे सगळ्यांना दिसतं. पण एकाही झाडाला हात न लावता अख्खं खाजण मारता येतं. भरती आत आणणारी मोरी किंवा पाइप बुजवला की पाण्याची ये-जा थांबते, कुठे क्षार साचतात, कुठे पाणी कुजतं, झाडं वाळतात. मग ‘इथे काही उरलंच नाही’ म्हणायला वाट मोकळी. हे पकडायचं तर अमावास्या-पौर्णिमा गाठा. तेव्हा उधाणाची भरती मुंबई परिसरात दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, खाडीच्या आतल्या टोकाला थोडी उशिरा. त्या दिवसाचा भरतीचा तक्ता पाहून घ्या. सकाळी ओहोटीला आणि दुपारी भरतीला, एकाच जागी उभं राहून मोरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. खाडीकडे पाणी चढलंय आणि आत हललेलंच नाही, हे त्या चार फोटोंत कुणालाही दिसतं.

अर्जात कायदा थोडा, पण नेमका लिहा. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल सगळ्यात कामाचा. जमीन कुणाचीही असो आणि क्षेत्र कितीही असो, खारफुटीच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, आणि खारफुटीत राडारोडा टाकायला बंदी. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतली ५० मीटरची अट मात्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीसाठीच आहे. ‘क्षेत्र लहान आहे’ असं उत्तर आलं, तर निकालातलं वाक्य पुढे करा.

सातबारा काढून गट क्रमांक आणि मालक बघा. अर्ज वन खात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि महापालिकेला द्या. जमीन सिडकोची असेल तर सिडकोलाही. पोच घेतल्याशिवाय निघू नका. एका अर्जात एकच जागा. आणि ‘कडक कारवाई करावी’ एवढंच लिहून थांबू नका, नाहीतर दंड होतो आणि भराव तिथेच राहतो. मागणी अशी हवी: पंचनामा करून प्रत द्यावी, भराव मूळ पातळीपर्यंत उचलावा, मोरी मोकळी करून भरतीचं पाणी आत येतं याची खात्री करावी.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात पंचनाम्याची प्रत मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतात.

स्मरणपत्रं पाठवत बसण्यात मुदत निघून जाते, हा सगळ्यात मोठा धोका. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. कलम १५ खाली जागा पूर्ववत करून मागायला पाच वर्षं आहेत. आपल्यासाठी खंडपीठ पुण्याला. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये.